मावळतीकडे पाय

रझियाला दिशा दोनच ठाऊक होत्या. उगवती आणि मावळती. उत्तर-दक्षिण नकाशावाल्यांच्या, घर सांभाळणाऱ्या बाईला त्यांचं काय काम.

उगवतीला तिचं माहेर, वाघोलीच्या पलीकडच्या एका गावात, विड्याच्या पानांच्या चवडी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवणाऱ्या तांबोळ्याच्या घरी. मावळतीला सासर, खडकीत. निकाहानंतर टेम्पोत बसून ती निघाली तेव्हा समोर सूर्य बुडत होता. शेजारी बसलेली मामी पदराआड हळू आवाजात म्हणत होती,

उगवतीला माझं माहेर, मावळतीला गं सासर
मधल्या वाटंनं चालता, दिस झाला गं केशर

त्या गावात जात्याला जात नव्हती. जी खुंटा धरील तिने गावं. रझियाच्या आईने गायलं, मामीने गायलं, आणि रझियाच्या ओठांवर ते मिठासारखं राहून गेलं. खडकीत पिठाची गिरणी होती, जातं नव्हतं, तरी ती भाकरी थापताना गायची. नवरा, अय्युब, दारूगोळा कारखान्यात लेथवर. तो म्हणायचा, "आमच्या मशीनचा आवाज परवडला. त्याला निदान सुट्टी असते."

मावळतीला काबाही होता. म्हणून त्या घरात मावळतीकडे पाय करून कुणी झोपत नसे. खाट, चटई, पाळणा, सगळं त्या हिशेबाने मांडलेलं. शहेजाद लहानपणी झोपेत भोवऱ्यासारखा फिरायचा. डोकं एकीकडे ठेवावं तर पहाटे तिथे पाय. रझिया उठायची, त्याच्या काखेत हात घालून त्याला पुन्हा नीट वळवायची. तो झोपेतच म्हणायचा, "झालं का अम्मी सरळ?" ती म्हणायची, "झालं. झोप."

तो अमेरिकेला निघाला तेव्हा तिने त्याला उंबऱ्यात थांबवलं. थंडीची काळजी घे, वेळेवर जेव, असलं काही ती बोललीच नाही. एवढंच म्हणाली, "कुठंही राहा. पाय मावळतीकडे नकोत."

"नाही करणार अम्मी."

"सवय मोडते माणसाची."

"माझी नाही मोडणार."

पुढे तो न्यू जर्सीला राहिला. पुण्याच्याच रुमानाशी लग्न झालं, माहेनूर झाली. दर शुक्रवारी फोन यायचा. पगारपाणी, बर्फ, पोरीची शाळा, सगळं बोलून झालं की रझिया विचारायची, "आणि पाय?" तो हसायचा. "नाहीत अम्मी, मावळतीकडे नाहीत." दोघांचा तोच सलाम होऊन बसला होता. फोन ठेवून ती गॅलरीत यायची. दूरच्या टेकड्यांवर दिवस कलंडलेला असायचा. इथे बुडाला की तिथे उगवणार, एवढं तिला कळत होतं. मग ती स्वतःच रचलेली ओवी त्याच्या पाठीमागे सोडायची,

मावळत्या रे दिसा, घटकाभर तरी थांब
लेक माझा तुझ्या गावी, त्याचा उंबरा किती लांब

यंदा थंडी सरता सरता शहेजाद झोपेत गेला. रात्री निजला तो उठलाच नाही. हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले. आणायचा म्हटलं तर फार दिवस लागणार होते. मातीला असं थांबवू नये, असं अय्युबने ठरवलं. "जिथे गेला तिथली जमीनही अल्लाहचीच आहे," एवढं बोलून त्याने मान खाली घातली.

दफनविधी त्यांनी फोनवर पाहिला. शहेजादच्या कुणा मित्राने फोन धरला होता. इथे दिवेलागण झालेली, तिथे सकाळचं ऊन. उघड्या मैदानात कडेकडेला मळका बर्फ. माणसं रांगा करून नमाजाला उभी राहिली, आणि रझियाला दिसलं की ती डोळे बारीक करून उभी आहेत. ऊन त्यांच्या तोंडावर होतं. सावल्या पाठीमागे तिरक्या पडल्या होत्या.

रझिया आयुष्यभर दिवस वर आल्यावर चाश्तच्या नमाजाला उभी राहिली ती ऊन पाठीवर घेऊन. सकाळी सावली पुढे पडते, आपण तिच्यावर डोकं टेकतो. हे तिच्या हाडांना ठाऊक होतं. तिने पाहिलं की कबरीत उतरलेल्या माणसांनी तिच्या लेकाला कुशीवर वळवलं, आणि ज्या अंगाला ऊन होतं त्याच अंगाला त्याचं तोंड केलं.

ती रडली नाही. म्हणाली, "उलटा ठेवला."

अय्युबला वाटलं, दुःखात बडबडते आहे. पण दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. घरी येणाऱ्या बायकांना ती चहा विचारायची नाही, हे सांगायची. "पाठ करून झोपवलं माझ्या पोराला. काब्याला पाठ." बायका एकमेकींकडे बघायच्या.

शेवटी चाळीसाव्या दिवशीच्या फातिह्याची, त्याच्या नावाने मागायच्या दुआची बोलणी सुरू झाली, तेव्हा ती अय्युबला म्हणाली, "चाळीसावा होणार नाही."

"म्हणजे?"

"आधी कबर उघडायला सांगा. त्याला सरळ करा. मग काय वाचायचं ते वाचा. तोंड फिरवलेल्या माणसाच्या नावाने दुआ मागितली तर ती पोचायची कुठं?"

"रझिया, तिथे काबा पूर्वेकडे येतो."

"काबा फिरतो का?"

"काबा नाही फिरत. आपण फिरलेलो असतो. पृथ्वी गोल आहे."

"गोल आहे ते मलाही माहीत आहे."

"माहीत असून उपयोग काय? तुमच्या गावी शाळेत ती सपाट करून वाढत होते वाटतं."

एरवी ती यावर दोन शब्द सुनावून मोकळी झाली असती. आज तिने काहीच सुनावलं नाही, तेव्हा अय्युबला आपल्याच बोलण्याची लाज वाटली. तो उठला, स्वयंपाकघरातला माठ रिकामा केला आणि तिच्यापुढे आणून ठेवला. तिचा पानाचा डबा उघडून चुन्यात बोट बुडवलं. माठाच्या एका अंगाला ठिपका ठेवला.

"ही खडकी."

जरा डावीकडे दुसरा ठिपका. "हा काबा."

मग त्याने माठ फिरवला. बराच फिरवला. पार पलीकडच्या अंगाला, गळ्याच्या जरा जवळ तिसरा ठिपका ठेवला. तो कशाचा हे त्याने सांगितलं नाही. त्या ठिपक्यावर बोट टेकवून त्याने ते माठाच्या खांद्यावरून काब्यापर्यंत सरकवत आणलं. कारखान्यात लोखंडावरून फिरायचं तसं, न थरथरता. "तिथून ही वाट. निघताना तोंड उगवतीकडे होतं की नाही?"

रझियाने माठ स्वतःकडे ओढला. एक हात इकडून घातला, एक तिकडून. माठाला मिठी घातल्यासारखी ती बसून राहिली. पलीकडे तिची बोटं बोटांना लागली.

"दुसऱ्या अंगानेही पोचतंच की," ती म्हणाली. "मावळतीकडे तोंड करूनही."

"पोचतं. पण ही जवळची वाट आहे."

"जवळची वाट," ती म्हणाली. "जवळची वाट धरणारा असता तर पुण्यात नोकऱ्या नव्हत्या का?"

अय्युबने चुन्याचं बोट फडक्याला पुसलं आणि तो बाहेर गेला.

पण माठ तिथेच राहिला. रझिया येता-जाता तो फिरवायची. खडकी दिसली की तो ठिपका दिसत नसे, तो दिसला की खडकी दिसत नसे. काबा मात्र मध्येच कुठेतरी दोघांच्या कडेला यायचा. हळूहळू तिला पटलं. बोटाने ती वाट तिनेही चालून पाहिली. उलटा ठेवला नव्हता. नीट ठेवला होता. तिने अल्लाहची माफी मागितली, त्या खड्ड्यात उतरलेल्या अनोळखी माणसांची मागितली, आणि त्या दिवशी भाकरी करायला बसली.

पीठ मळता मळता तिचा हात थांबला.

तिथे काबा उगवतीला असेल, तर ती इतकी वर्षं लेकाला काय सांगत आली होती? पाय मावळतीकडे नकोत. मावळतीकडे नाहीत म्हणजे कुठे होते? दर शुक्रवारी त्याने कबूल केलं होतं, नाहीत अम्मी, मावळतीकडे नाहीत. तिचा शब्द त्याने कधी मोडला नव्हता. म्हणजे पाय उगवतीकडे. म्हणजे तिच्या शब्दापायी तो रोज रात्री काब्याकडे पाय पसरून झोपला. आणि झोपेतच गेला.

पीठ परातीत तसंच वाळलं.

शेजारची द्वारका ताकाचा तांब्या घेऊन आली तेव्हा रझिया भिंतीला टेकून माठाकडे बघत होती. द्वारका वर्ध्याकडची. नवऱ्याच्या नोकरीपायी खडकीत आली, नवरा गेला तरी इथेच राहिली. दोघींच्या घरांना गॅलरी एकच. सकाळी द्वारका उगवतीला तोंड करून सूर्याला पाणी घालायची, तेव्हा रझिया आतून नमाज आटपून बाहेर येत असायची. द्वारका म्हणायची, "भाभी, तुमचा देव माझ्या पाठीमागं अन् माझा तुमच्या. चांगलं आहे, कोणाचीच चोरी होत नाही."

आज तिने परातीकडे पाहिलं, माठावरचे पांढरे ठिपके पाहिले.

"हे काय वं भाभी? माठाला नजर लागली का?"

रझियाने सांगितलं. सगळं, सावल्यांपासून. ऐकता ऐकता परातीतलं वाळलेलं पीठ द्वारकाने पाण्याचा हबका मारून पुन्हा मळायला घेतलं.

"उलटा ठेवला म्हणून मी लोकांना दोष देत होते," रझिया म्हणाली. "उलटा तर मीच झोपवला, द्वारकाताई. जितेपणी. रोज."

"त्याला ठाऊक नसंल का, तिकडं कोणती दिशा कुठं येते ते?"

"ठाऊक असणारच. शिकलेला होता, नमाज पढत होता. म्हणून तर. त्याला ठाऊक होतं आणि मला वाईट वाटू नये म्हणून त्याने माझं ऐकलं. आईचं ऐकलं आणि काब्याकडे पाय केले."

द्वारकाने गोळा उलटवला. "पाहिलं का तुम्ही?"

"काय?"

"तो कसा झोपत होता ते."

"कसं पाहणार?"

"मग माठाले काय विचारून राहिल्या? सुनेले विचारा ना."

रुमानाला विचारायचं रझियाच्या जिवावर आलं. दुःखाने पोळलेल्या पोरीला फोन करून विचारायचं काय, तर नवरा पाय कुठे करत होता. दोन दिवस ती फोन हातात घेऊन ठेवून देत राहिली. तिसऱ्या दिवशी शुक्रवार होता. शुक्रवार आला की तिचा कान आपोआप फोनकडे जाई. ऊन गॅलरीच्या कठड्यावर आलं तेव्हा तिने अय्युबला म्हटलं, "अहो, लावून द्या."

पडद्यावर आधी माहेनूर आली. दहा वर्षांची, केस विंचरलेले नाहीत. "दादी, अम्मी किचनमध्ये आहे. आज मला स्कूल नाही."

"जेवलीस का?"

"आता सकाळ आहे, दादी. तू नेहमी विसरतेस."

"हो गं, विसरते."

मग रुमाना आली. तिचा चेहरा इतका उतरला होता की रझियाला वाटलं, नकोच विचारायला. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग बोलणं तिथे येऊन पोचलं, जिथे शहेजादशी तो विचारायचा-सांगायचा खेळ असायचा.

"रुमाना," रझिया म्हणाली, "एक विचारू का? वेडी म्हणू नकोस."

"विचारा ना अम्मी."

"शहेजाद झोपायचा कसा? पाय कुठं करायचा?"

रुमानाने तोंडावर हात ठेवला, आणि रझियाला आधी कळेना की ही हसते आहे की रडते आहे.

"तुम्हाला त्याने कधीच सांगितलं नाही?" ती म्हणाली. "थांबा."

तिने फोन उचलला. पडद्यावरून स्वयंपाकघर गेलं, जिना गेला, माहेनूरची लोकरी टोपी लटकलेली खुंटी गेली. मग एक अरुंद खोली आली आणि फोन स्थिर झाला.

खोलीच्या मधोमध पलंग तिरका होता. एकाही भिंतीला समांतर नाही. डोकं एका कोपऱ्याकडे, पाय समोरच्या कोपऱ्याकडे. डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना त्रिकोणी जागा वाया गेलेली. दार उघडलं की पलंगाच्या खुराला लागत होतं, तिथे लाकडाचा रंग उडाला होता.

"खोली अरुंद आहे अम्मी, पलंग उत्तर-दक्षिण बसतच नाही. सरळ लावला की पाय पूर्वेला जातात, नाहीतर पश्चिमेला. पूर्वेच्या अंगाला इथे काबा. मी म्हटलं, मग पश्चिमेला करू या, त्यात काय? तर म्हणाला, नाही, पश्चिमेला अम्मीची मनाई आहे. मी म्हटलं, अरे, ती पुण्यातली पश्चिम. तर म्हणाला, अम्मी शुक्रवारी विचारते, तेव्हा काय सांगू, पुण्यातली का इथली?"

अय्युब रझियाच्या मागे येऊन उभा राहिला होता.

"म्हणून त्याने हा असा लावला," रुमाना म्हणाली. "ना इकडे, ना तिकडे. येणारे-जाणारे हसायचे. फर्निचर टाकून पळालात का, असं कुणीतरी विचारलंही. अंधारात उठलं की माझं बोट या खुरावर आपटायचं. किती वेळा भांडले असेन मी या पलंगावरून. म्हणायचा, लागलं का? दाखव. आणि दाखवलं की फुंकर घालायचा. पण हलवला नाही कधी."

खोलीच्या खिडकीतून सकाळ आत येत होती, चादरीवर पडत होती. चादर ओढून नीट घातलेली होती. उशी दोन्ही बाजूंना एकेक.

"त्या रात्रीही..." रझियाने विचारलं.

"त्या रात्रीही. इथेच. असाच."

रझियाने पडद्यावर बोट ठेवलं. चित्र हललं, मोठं झालं, नुसती पांढरी चादर उरली. तिने बोट काढलं नाही. एका माणसाने आईचा शब्द ठेवला होता आणि देवाचाही ठेवला होता, आणि दोन्हींच्या मध्ये जेवढी जागा उरली तेवढ्यात तो आडवा-तिरका होऊन निजला होता. वर्षानुवर्षं. कुणाला न सांगता.

"झाला होता सरळ," ती म्हणाली. कुणाला म्हणाली ते अय्युबला कळलं नाही.

"काय अम्मी?"

"काही नाही बेटा." तिने डोळे पुसले. मग सासूच्या आवाजात म्हणाली, कारण आईचा आवाज निघत नव्हता, "आता तो पलंग सरळ लाव. माझं ऐक. पश्चिमेला पाय आले तरी चालतील. मी काही विचारणार नाही. तुझ्या पायाला लागतं."

पलीकडे माहेनूर कुठेतरी खाली काहीतरी गुणगुणत होती.

"लावला असता अम्मी," रुमाना म्हणाली. "मागच्या आठवड्यात धरून पाहिला. जड आहे फार. तो सरकवायला दोघं लागतात."

इथे ऊन कठड्यावरून उतरलं. खाली बाजारात कुणीतरी शटर ओढलं. अय्युबने रझियाच्या हातातला फोन हळूच स्वतःच्या हातात घेतला.

"मग राहू दे," रझिया म्हणाली. "पण अंधारात जपून जा. दिवा लावून जात जा."

"हो अम्मी."

"माहेनूरलाही सांग."

"ती त्यावरच झोपते आता."

फोन बंद झाला. रझिया उठून आत गेली. अय्युबला वाटलं, पाणी प्यायला गेली. ती माठापाशी उभी होती. ओल्या फडक्याने ती माठ पुसत होती. खडकी पुसली, काबा पुसला. मग माठ फिरवून पलीकडच्या ठिपक्यापाशी आली आणि थांबली. तो तिने पुसला नाही. त्याच्याभोवतीची जागा तेवढी पुसली आणि माठ तसाच, तो ठिपका भिंतीकडे करून, पाण्याने भरला.

"देगवाल्या आचाऱ्याला सांगा," ती बाहेर न बघता म्हणाली. "चाळीसाव्याचं सांगून ठेवा."

अय्युब चपला घालून जिन्याकडे निघाला. मागे गॅलरीत ती आलेली त्याला कळलं. टेकड्यांच्या अंगाला आकाश केशरी झालं होतं. तिने नेहमीची ओवी उचलली,

मावळत्या रे दिसा

आणि पुढचा शब्द येईपर्यंत तो पायरीवर थांबून राहिला. शेजारच्या दारात द्वारकाही हातातलं काम टाकून उभी होती. पुढचा शब्द आला नाही. जरा वेळाने दिवस आपला आपण खाली गेला.